उपक्रमांची वही

शाळेच्या दप्तरातील बहुतेक वह्यांचे भवितव्य पहिल्या दिवशीच ठरून गेलेले असते. गणिताच्या वहीत उदाहरणे सोडवायची, शुद्धलेखनाच्या वहीत उतारे उतरवायचे, भूगोलाच्या वहीत प्रश्नोत्तरे लिहायची. वर्षाच्या अखेरीस दहा मुलांच्या अशा वह्या एकत्र केल्या, तर अक्षराखेरीज त्यांत फारसा भेद आढळत नाही. एक वही मात्र या नियमाला अपवाद असते. तिच्यात काय लिहिले जाईल, हे ती वाटणाऱ्या गुरुजींना ठाऊक नसते आणि ती घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही नसते. ती वही म्हणजे उपक्रमांची वही.

माणदेशातील एका लहान गावच्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या एका मुलाजवळ अशी वही होती. माणदेश म्हणजे माणगंगेच्या काठचा मुलूख. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुका त्यातच येतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी सरासरीने साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो; आणि तेथून शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर असलेल्या माणदेशाच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलिमीटर येतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना आपले ओझे उतरवून ठेवतात आणि रिकाम्या हातांनी पूर्वेकडे येतात. माळ, कुसळे, मेंढरांचे कळप आणि आभाळाकडे लागलेले डोळे, हेच त्या मुलाने जन्मापासून पाहिलेले जग होते.

मुलांनी नुसते ऐकून शिकण्यापेक्षा काही करून शिकावे, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील विल्यम किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञांनी १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’वर निबंध लिहून तो मांडला. आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, असा आग्रह धरला; तेच शिक्षण पुढे ‘नयी तालीम’ या नावाने ओळखले गेले. त्या मुलाला यांपैकी काहीच माहीत नव्हते. उपक्रम म्हणजे रंगीत कागद, थर्माकोल, डिंकाची बाटली आणि आदल्या रात्री मोठ्या भावाची विनवणी, एवढेच त्याला ठाऊक होते. 

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा गुरुजींनी दोन नियम सांगितले. उपक्रमासाठी दुकानातून तयार वस्तू आणायची नाही, हा पहिला. आणि प्रत्येक उपक्रम संपला, की त्याविषयी अर्धे पान स्वतःच्या शब्दांत लिहायचे, हा दुसरा. पहिला नियम मुलांना जड वाटला, दुसरा सोपा वाटला. प्रत्यक्षात घडले ते उलट.

पहिला उपक्रम परसबागेचा होता. शाळेच्या मागील अंगणात मुलांनी वाफे केले, मेथी आणि कोथिंबीर पेरली, हापशावरून बादल्या भरून पाणी घातले. पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवे कोंब वर आले. तिसरा आठवडा उजाडला, मेथी चांगली वीतभर झाली आणि एका रविवारी कोणाच्या तरी शेळीने कुंपणातील फट शोधून काढून संपूर्ण वाफा स्वच्छ केला. सोमवारी मुले पाहतात तो कोथिंबिरीची चार देठे उरलेली! काही मुले हळहळली, काही हसली. मुलाने वहीत लिहिले, ‘या उपक्रमामुळे मला पुष्कळ आनंद झाला व माझ्या ज्ञानात भर पडली.’

वही परत आली, तेव्हा त्या वाक्याखाली तांबड्या शाईने एकच ओळ लिहिलेली होती: ‘आनंद झाला हे समजले. पाहिलेस काय?’

या प्रश्नाने तो काहीसा गोंधळला. त्याने काय पाहिले होते? त्याने पुन्हा अंगणात जाऊन कुंपण तपासले. बाभळीच्या फांद्या वरच्या बाजूस दाट होत्या, खाली विरळ होत्या. कारण काटे टोचू नयेत म्हणून मुलांनी त्या उभ्याउभ्याच टाकल्या होत्या. शेळी काही उभ्याने आत शिरत नाही. त्याने लिहिले, ‘कुंपण माणसाच्या उंचीचा विचार करून घातले होते, शेळीच्या उंचीचा विचार करून नाही.’ या वाक्याखाली गुरुजींनी काहीच लिहिले नाही; फक्त एक बरोबरची खूण केली. त्या खुणेने त्याला वाटले, की अर्धे पान भरणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही आणि म्हणूनच ती करण्याजोगी आहे.

दुसरा उपक्रम पर्जन्यमापकाचा होता. सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली घेऊन तिचा वरचा भाग कापायचा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यात बसवायचा. बाटलीचा तळ खालीवर असतो. म्हणून त्यात थोडे खडे टाकून, ते बुडतील इतके पाणी ओतून तेथे शून्याची खूण करायची. त्या खुणेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली, की साधन तयार झाले. झाडाखाली ते ठेवून चालत नाही. पाने आधी पाऊस अडवतात आणि पाऊस थांबल्यावरही ठिबकत राहतात. म्हणून मैदानाच्या मध्यभागी विटांच्या आधाराने ते उभे करण्यात आले. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्या खात्यात चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते. तीच वेळ वर्गानेही ठरविली. शाळा साडेदहाला भरे; परंतु रोज एका मुलाने पाळीपाळीने साडेआठला येऊन बाटली पाहायची आणि भिंतीवरील तक्त्यात आकडा लिहायचा, असा क्रम सुरू झाला.

जूनच्या अखेरीस दोन-तीन वेळा आकडे आले. त्यानंतर आभाळ नुसते भरून येई आणि वाऱ्याबरोबर निघून जाई. तक्त्यात शून्यामागून शून्ये पडू लागली. मुलांचा उत्साह ओसरला. बाटली कोरडी आहे हे पाहायला सकाळी साडेआठला कशाला यायचे, असे ती म्हणू लागली. एका मुलाने तर आठवड्याभराची शून्ये एकदम लिहून टाकण्याची सूचना केली. गुरुजी म्हणाले, “पाऊस पडला नाही, हे पाहून लिहिणे निराळे आणि न पाहता लिहिणे निराळे. तुझ्या बाबांनी बाजरी पेरली आहे ना? त्यांना विचार, शून्य म्हणजे काही नाही, असे त्यांना वाटते का?”

मुलाने त्या संध्याकाळी आपल्या वडिलांना विचारले. ते म्हणाले, “किती दिवसांचा खंड पडलाय, ते सांग. दुबार पेरणी करायची का नाही, ते त्याच्यावर ठरंल.” दुसऱ्या दिवशी त्याने तक्त्यासमोर उभे राहून शून्ये मोजली. ती सलग एकोणीस होती. त्याने वहीत लिहिले, ‘एक शून्य म्हणजे काही नाही. एकोणीस शून्ये म्हणजे बियाण्याचे पैसे.’ आपल्या वडिलांना उपयोगी पडेल असा एखादा आकडा शाळेच्या भिंतीवर असू शकतो, याचे त्याला मोठे नवल वाटले.

याच कोरड्या दिवसांत तिसरा उपक्रम आला. प्रत्येकाने एक आठवडाभर आपण स्वतः घरी किती पाणी आणतो, ते मोजायचे आणि त्याचा स्तंभालेख काढायचा. आधी मापे ठरविण्यात आली. एक लिटरच्या मापाने भरून पाहिले, तेव्हा घागरीत साधारण बारा लिटर पाणी मावते, असे दिसून आले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. म्हणजे भरलेली घागर, भांड्याचे वजन सोडूनसुद्धा, बारा किलोची होते.

मुलाचे काम फार लवकर संपले. त्याच्या घरी सात घागरी पाणी रोज येत असे; पण ते सर्व त्याची आई आणत असे. तो गुरुजींकडे गेला आणि ‘घरच्या सात घागरी लिहू का?’ असे त्याने विचारले. गुरुजी म्हणाले, “ज्याने आणले, त्याच्या नावावर लिही.” तेव्हा त्याने स्वतःच्या नावापुढे शून्य लिहिले आणि शेजारी आईच्या नावाचा एक स्तंभ काढला. भिंतीवरील पावसाच्या शून्याकडे तो रोज पाहत असे. त्या शून्याचा दोष आभाळाकडे होता. हे दुसरे शून्य मात्र त्याच्या स्वतःच्या अक्षरातले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईबरोबर कळशी घेऊन निघाला. पहिल्या खेपेस निम्मे पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडले. आई हसली, पण तिने त्याला परत पाठविले नाही.

आठवड्याच्या शेवटी सर्वांचे आकडे एका मोठ्या कागदावर मांडायचे ठरले. मुलांचे स्तंभ बहुतेक बुटके होते, मुलींचे त्यांहून उंच होते. परंतु एका मुलीचा स्तंभ कागदात मावेना. ती गावापासून दूर वस्तीवर राहत असे. तिची आई पहाटेच मजुरीला जाई. घरी पाच माणसे होती आणि पाण्याच्या दहाही खेपा तीच करीत असे: पाच सकाळी शाळेपूर्वी, पाच संध्याकाळी. विहीर अर्ध्या किलोमीटरवर होती. म्हणजे एका खेपेत जाऊन येऊन एक किलोमीटर, शाळेपूर्वी पाच किलोमीटर आणि साठ लिटर पाणी. दिवसाचे एकशेवीस लिटर होत; माणशी चोवीस. ग्रामीण घरात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाने पोहोचावे, असे २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रमाण ठरविले आहे. त्या प्रमाणाच्या निम्मेही पाणी त्या घरी पोहोचत नव्हते आणि जे पोहोचत होते, ते एका बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून येत होते.

तिचा स्तंभ पुरा करण्यासाठी कागदाला वरून दुसरा कागद जोडावा लागला. तो चिकटवला जात असताना वर्गात कोणी बोलले नाही. ही मुलगी रोज प्रार्थना संपल्यावर धापा टाकीत येत असे, हे सर्वांना माहीत होते. हजेरीपटात तिच्या नावापुढे ‘उशीर’ हा शेरा पुष्कळदा पडे आणि मागच्या बाकावरची काही मुले तिला त्यावरून चिडवीतही असत. पावसाच्या नोंदीची पाळी तिने एकदाही घेतली नव्हती. तिला रस नाही, असे सर्वांनी धरून चालले होते. ती का येत नाही, हे त्या कागदावर आता हातभर उंचीने लिहिले गेले होते. मुलाने त्या दिवशी वहीत लिहिले, ‘ती उशिरा येते हे बत्तीस मुलांनी रोज पाहिले. का येते, हे मोजेपर्यंत कोणीच पाहिले नाही.’

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. गुरुजींनी परवानगी घेऊन तो तक्ता तेथे नेला. मुलाने कागदाचे एक टोक धरले होते. रस्ता, दिवे, स्मशानभूमीचे कुंपण असे विषय झाल्यावर तक्त्याकडे लक्ष गेले. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारले, “आन हा जोड लावलेला खांब कुणाचा?”

काही क्षण शांतता पसरली. मग मुलींच्या रांगेतून आवाज आला, “माझा.”

ती उभी राहिली होती. तिने आणखी एवढेच सांगितले, की वस्तीवर घरापासून चाळीस पावलांवर एक हातपंप आहे. पण दोन वर्षे तो बंद पडलेला आहे. सरपंचबाईंनी तो तक्ता जवळ घेऊन पाहिला. त्या म्हणाल्या, की पाण्याच्या खेपा त्यांनीही केल्या आहेत. पण आपला स्तंभ कोणी कधी काढला नव्हता. त्या सभेत भाषणे झाली नाहीत आणि टाळ्याही वाजल्या नाहीत. पंचायत समितीकडे अर्ज करण्याचे ठरले, तो करण्यात आला, त्याची दोनदा आठवण द्यावी लागली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातपंप दुरुस्त झाला. हातपंपाच्या पाण्याने वस्तीचे सगळे प्रश्न मिटले नाहीत. उन्हाळ्यात त्याला किती पाणी राहील, हेही कोणाला सांगता येत नव्हते. मात्र ती मुलगी प्रार्थनेला रांगेत दिसू लागली.

चौथा उपक्रम सावलीचा होता. त्याचा आरंभ ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांतच झाला होता. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या आपल्या प्रदेशात वर्षातून दोनदा सूर्य भर मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. माणदेशात हा योग मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी येतो. मे महिन्यात शाळेला सुटी असते, ऑगस्टमध्ये सूर्याला ढगांची सुटी असते. त्यामुळे हे दृश्य पाहणे भाग्याचे असते. त्या वर्षी ढग पाऊस देत नव्हते, पण जागाही सोडत नव्हते. घड्याळात बारा वाजून गेले, साडेबारा झाले. आणि नंतर काही मिनिटांपुरते आभाळ फाटले. काठी उभी होती आणि सावली कोठेच नव्हती. मुले आपापल्या पायांखाली वाकून पाहू लागली.

नंतर २३ सप्टेंबरला पुन्हा काठी उभी केली. या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. काठी शंभर सेंटिमीटरची होती. सावली सर्वांत आखूड झाली, तेव्हा ती साडेबत्तीस सेंटिमीटर भरली. त्या वेळी घड्याळात बारा नव्हे, तर बारा वाजून सुमारे पंचवीस मिनिटे झाली होती. घड्याळ चुकले की सूर्य चुकला, असा वाद वर्गात सुरू झाला. दोघेही चुकले नव्हते. साऱ्या भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. माणदेश त्याच्या पश्चिमेस सुमारे आठ अंशांवर आहे; आणि एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटे लागतात. म्हणजे सूर्य बत्तीस मिनिटे उशिरा यायला हवा. उरलेली सात मिनिटे मात्र त्याने आधीच भरून काढली होती. कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभरात घड्याळाच्या थोडा पुढेमागे होत राहतो.

मुलांनी काठी आणि सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजला. तो अठरा अंश भरला. अठरा अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा विसावा भाग. नकाशासंग्रहातील प्रमाणपट्टीवरून विषुववृत्तापासून गावापर्यंतचे अंतर मोजले, तर ते सुमारे १,९५० किलोमीटर आले. त्याची वीस पट केली, की पृथ्वीचा घेर ३९,००० किलोमीटर निघाला. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. बाभळीची एक काठी, एक सुतळी आणि एक कोनमापक यांनी केलेली ही चूक शेकडा अडीच होती.

गुरुजींनी तेव्हा इरॅटॉस्थेनिस या ग्रीक विद्वानाची हकिकत सांगितली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेकडील सायीन, म्हणजे आजचे आस्वान, या नगरात वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही उन्हे विहिरीच्या तळापर्यंत पोहोचतात, असे त्याला समजले होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती आणि तिचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग होता. दोन नगरांमधील अंतराला पन्नासाने गुणून त्याने पृथ्वीचा घेर काढला. मुलाला यातली विहीर फार आवडली. त्याने लिहिले, ‘विहिरीत डोकावून माणूस पाणी पाहतो. एकाने पृथ्वी पाहिली.’

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस आला. माणदेशात तो बहुधा असाच, परतीच्या वाटेवर येतो. रात्रभर पत्रे वाजत राहिले. सकाळी तक्त्यावर आकडा लिहिलेला होता: ४१ मिलिमीटर. अक्षर वस्तीवरच्या मुलीचे होते. त्या दिवशी पाळी तिची होती आणि ती साडेआठला आली होती. दुपारी गणिताच्या तासाला तिनेच एक प्रश्न मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होते. वर्गाचे छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद; म्हणजे साठ चौरस मीटर. तर काल रात्री छपरावरून किती पाणी गेले? साठ गुणिले एकेचाळीस, म्हणजे दोन हजार चारशे साठ लिटर. तिने पुढे बाराने भागले आणि उत्तर फळ्यावर लिहिले: २०५ घागरी. एका खोलीच्या छपरावरून, एका रात्रीत, तिच्या साडेवीस दिवसांच्या खेपा मातीत ओघळून गेल्या होत्या. पुस्तकातील कोणत्याही उदाहरणाच्या उत्तराकडे वर्गाने तसे कधी पाहिले नव्हते.

पाचवा उपक्रम दिवाळीच्या सुटीतला होता. घरातील वडीलधाऱ्या माणसाला गावाच्या एखाद्या जुन्या प्रसंगाविषयी विचारायचे आणि तो लिहून आणायचा. मुलाने आजीला १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारले. पाठ्यपुस्तकात त्याविषयी चार ओळी होत्या. आजी म्हणाली, “ल्हिऊन काय करायचंय, बाळा? त्या साली समद्यांनीच दगड फोडलं.” पण एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबता येईना. विहिरी आटल्या, जनावरे वाऱ्यावर सोडावी लागली. सरकारने दुष्काळी कामे काढली, तेव्हा सारा गाव खडी फोडायला आणि तळे खोदायला जाऊ लागला. कामावर सुकडी वाटली जाई. घरात मिलो नावाची परदेशातून आलेली तांबडी ज्वारी शिजे. तिच्या भाकरीला चव नसे, पण ती पोटाला आधार देई. गावाच्या वरच्या अंगाला जो पाझर तलाव आहे, तो याच साली बांधला गेला. आजी तेव्हा बारा वर्षांची होती आणि आईबरोबर मातीच्या पाट्या वाहत होती.

“आणि शाळा?” मुलाने विचारले.

“शाळा सुटली,” आजी म्हणाली. “तुमची रोज पाचाला सुटते. माझी त्या साली सुटली, ती सुटलीच.”

मुलाने हे वाक्य जसेच्या तसे वहीत लिहून घेतले. अशा लाखो हातांना काम देण्याच्या अनुभवातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशभरासाठी झालेल्या कायद्याला ती मार्गदर्शक ठरली, हे गुरुजींनी पुढे वर्गात सांगितले. परंतु त्या क्षणी मुलाच्या मनात निराळाच विचार आला होता. वस्तीवरची मुलगीही बाराच वर्षांची होती. दोन वर्षे बंद पडलेला एक हातपंप आणखी एक वर्ष तसाच राहता, तर तिची शाळाही अशीच, कोणाच्या लक्षात न येता, सुटली असती. दुष्काळ मोठा असला, म्हणजे पुस्तकात त्याच्या चार ओळी येतात. एका घरापुरता असला, म्हणजे त्याला स्तंभालेखाचा एक जोडकागद मिळतो, आणि तोही कोणी मोजले तरच.

वर्षअखेरीस या साऱ्या उपक्रमांचे एक हस्तलिखित तयार झाले. पावसाचा तक्ता, सावलीचा त्रिकोण, पाण्याचे स्तंभ आणि शेवटी पावलांनी अंतरे मोजून काढलेला गावाचा नकाशा, असे सारे त्यात होते. मुलाने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढील वर्षीच्या सातवीसाठी एक सूचना लिहिली: ‘छपराच्या पाण्याला पन्हळ आणि टाकी करावी. हिशेब मागच्या पानावर आहे.’ वर्षभरात आपल्याला काय मिळाले, याचे उत्तर त्याने लिहिले नाही. ज्याचा उपयोग दुसऱ्याला होईल अशी एखादी गोष्ट आपल्यापाशी असणे, हेच ते उत्तर आहे, असे कदाचित त्याला वाटले असावे.

हस्तलिखित एक दिवस घरी न्यायला मिळाले, तेव्हा आजीने ते मांडीवर घेतले. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. बोट फिरवीत, अक्षर लावीत तिने आपलेच शब्द वाचले. मग पान उलटून ती नकाशाकडे पाहत राहिली. पाझर तलावाच्या बांधावर तिने बोट ठेवले आणि मान हलवली.

“हितं न्हाई,” ती म्हणाली. “बांध ओढ्याच्या वळणाच्या वर हाय. तिथनं आमची रांग सुरू व्हायची.”

मुलाने खोडरबर आणले. आजीने बोट ठेवले, तेथून त्याने बांध पुन्हा काढायला सुरुवात केली.